तबकडीवरची सुई आणि तिला धरणारा हात

गेल्या काही वर्षांत माळ्यावरचे रेकॉर्ड प्लेअर पुन्हा खाली येऊ लागले आहेत. कुणाला वडिलांच्या संग्रहातील तबकड्या ऐकायच्या असतात, कुणी जुन्या बाजारातून एखादा नामांकित इंग्लिश किंवा जपानी 'टोनआर्म' मिळवलेला असतो. टोनआर्म म्हणजे तबकडीवर सुई धरणारा लांब बाहू. त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटी डबी बसवलेली असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. सुईची थरथर पकडून तिचे विजेत रूपांतर करण्याचे काम या डबीचे. बाहू चांगला, कार्ट्रिजही चांगली, आणि तरीही दोन्ही एकत्र आणल्यावर सुई थरथरते, मंद्र सप्तकातील स्वर फुगतात, किंवा किंचित वाकलेल्या तबकडीवर सुई चक्क उडी मारते, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग दोष कुणाचा?

उत्तर असे, की दोष दोघांपैकी कुणाचाच नाही. दोष जोडीचा आहे. ही जोडी जुळवण्याचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे. शिवाय ते समजून घेताना वजन आणि जडत्व यांतील फरक असा काही स्पष्ट होतो, की शिक्षकांनी हे उदाहरण हाताशी ठेवावे असे आम्हांला वाटते. जोडी चुकली तर केवळ आवाज बिघडतो असेही नाही. खाचेत नीट न बसलेली सुई खाचेच्या भिंतींवर आपटत राहते, आणि तिथे पडलेला ओरखडा कायमचा असतो. पुन्हा कधीही न निघणाऱ्या एखाद्या तबकडीच्या बाबतीत हे नुकसान भरून येत नाही.

रबर आणि कुलूप

प्रथम एक सोपा प्रयोग करू. तीन-चार रबर बँड एकमेकांत अडकवून त्यांची साखळी करा आणि टोकाला एक कुलूप बांधा. साखळीचे वरचे टोक हातात धरून हात अगदी सावकाश वर-खाली करा. कुलूप हाताबरोबरच वर-खाली होईल. रबराची लांबी जवळजवळ बदलणार नाही. आता हात फार भराभर, पण थोड्याच अंतरात हलवा. कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहील आणि रबर मात्र ताणले-आखडले जाईल. या दोन्हींच्या मधल्या एका विशिष्ट वेगाला कुलूप हातापेक्षा कितीतरी जास्त उड्या मारू लागेल. ही मधली अवस्था म्हणजे अनुस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स. कुलूप आणि रबर यांची जी स्वतःची झुलण्याची वारंवारता असते, तिच्याशी हाताची वारंवारता जुळली की असे होते.

तबकडी वाजते तेव्हा नेमके हेच चाललेले असते. हाताच्या जागी तबकडीची खाच. रबराच्या जागी सुईच्या सूक्ष्म दांडीमागचा रबराचा तुकडा. कुलपाच्या जागी कार्ट्रिजसकट सगळा बाहू. कार्ट्रिजमध्ये वीज निर्माण होते ती सुई आणि कार्ट्रिज यांच्या परस्परसापेक्ष हालचालीतून, म्हणजे आपल्या प्रयोगातील रबराच्या ताणण्या-आखडण्यातून. सुई आणि बाहू दोघेही बरोबरीने हलले तर आवाज शून्य.

म्हणून आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. संगीतातील कंपने, म्हणजे सुमारे २० हर्ट्झच्या वरची सगळी, येतील तेव्हा बाहूने कुलपासारखे स्तब्ध राहावे आणि फक्त सुईने थरथरावे. उलट तबकडी वाकलेली असेल, तर तिचे उंचवटे-खळगे येतील तेव्हा बाहूने सुईबरोबर निमूट वर-खाली व्हावे. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या करते, म्हणजे सेकंदाला ०.५६ फेरी. एका फेरीत एक उंचवटा असेल तर वारंवारता ०.५६ हर्ट्झ, सात असतील तर जवळजवळ ४ हर्ट्झ, दहा असतील तर साडेपाच हर्ट्झ. तबकडीच्या वाकण्यातून येणारी बरीचशी हालचाल याच पट्ट्यात असते.

तेव्हा खाली ५-६ हर्ट्झपर्यंत तबकडीचे वाकणे आणि वर २० हर्ट्झपासून संगीत, या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत अनुस्पंदनाची वारंवारता बसवणे हेच जोडी जुळवणे होय. व्यवहारात ८ ते १२ हर्ट्झ हा पट्टा योग्य मानला जातो.

गणित

वस्तुमान आणि स्प्रिंग यांच्या झुलण्याचे सूत्र वरच्या वर्गांत शिकवले जाते. सोयीच्या एककांत ते असे मांडता येते :

वारंवारता (हर्ट्झ) = १५९ ÷ √(वस्तुमान × लवचीकता)

येथे वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यायचे. लवचीकता म्हणजे ठरावीक बलाने सुई किती सरकते ते. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात ती 'दशलक्षांश सेंटिमीटर प्रति डाइन' या जुन्या एककात दिलेली असते. आजच्या एककांत याचा अर्थ फार सोपा आहे : लवचीकता १२ म्हणजे १ मिलिन्यूटन बलाने सुई १२ मायक्रॉन सरकते. सुईवर २ ग्रॅम वजनाचा, म्हणजे सुमारे २० मिलिन्यूटनचा दाब ठेवला, तर ती २४० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर दबते.

लवचीकता अशी कागदावर छापलेली मिळते. खरी मेख आहे ती वस्तुमानात. कोणते वस्तुमान घ्यायचे? बाहूचे टोक तराजूवर टेकवले तर काटा दीड-दोन ग्रॅमच दाखवतो, कारण मागच्या वजनाने बाहू तोललेला असतो. बाहू सुटा करून सगळाच्या सगळा तराजूत टाकला तर शंभर-दीडशे ग्रॅम भरतील. यांपैकी एकही आकडा आपल्या कामाचा नाही.

वजन गेले, जडत्व राहिले

रेल्वेच्या फाटकाचा जुन्या पद्धतीचा आडवा दांडा आठवा. त्याच्या आखूड टोकाला लोखंडी वजन असते, त्यामुळे लांब टोक उचलायला फाटकवाल्याला फारसे बळ लागत नाही. पण तो दांडा झटक्यात वर नेऊन झटक्यात थांबवायला सांगा, दमछाक होईल. किंवा सी-सॉवर सारख्या वजनाची दोन मुले बसवा. दोघांची वजने एकमेकांना रद्द करतात, पण फळी हलवायची तर दोघांनाही हलवावे लागते. वजने वजा होतात, जडत्वांची मात्र बेरीजच होते. समतोल साधून वजन नाहीसे करता येते, जडत्व नाही.

टोनआर्मचेही असेच आहे. त्याच्या सगळ्या भागांचे जडत्व सुईच्या टोकापाशी किती जाणवते, त्या आकड्याला 'प्रभावी वस्तुमान' म्हणतात. ते काढायचे तर प्रत्येक भागाचे वस्तुमान घ्यायचे, त्याला खिळीपासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची (हे झाले जडत्वाचे परिबल) आणि तिला खिळी-ते-सुई या अंतराच्या वर्गाने भागायचे.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला बाहू घेऊ. खिळीपासून सुई २३ सेंमी. टोकाशी ७ ग्रॅमचा हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवण्याची पट्टी, आणि ६ ग्रॅमची कार्ट्रिज. मधली नळी १५ ग्रॅमची. टोकाचे १३ ग्रॅम पूर्ण अंतरावर असल्याने पूर्ण १३ मोजले जातात. सारख्या जाडीच्या नळीचा एकतृतीयांश वाटा येतो, म्हणजे ५ ग्रॅम. आता मागचे वजन. पुढच्या भागाचे आघूर्ण १३ × २३ अधिक १५ × ११.५, म्हणजे सुमारे ४७१ ग्रॅम-सेंमी. ते तोलायला ६० ग्रॅमचे वजन खिळीमागे ७.८५ सेंमीवर ठेवावे लागेल. त्याचा वाटा येतो ६० × ७.८५ × ७.८५ ÷ ५२९, म्हणजे ७ ग्रॅम. एकूण २५ ग्रॅम.

आता मागचे वजन दुप्पट, म्हणजे १२० ग्रॅमचे करू. तोल साधायला ते ३.९२ सेंमीवर, म्हणजे खिळीच्या अधिक जवळ आणावे लागेल. त्याचा वाटा भरतो फक्त साडेतीन ग्रॅम. एकूण २१.५. बाहू ६० ग्रॅमनी जड झाला आणि सुईला मात्र तो साडेतीन ग्रॅमनी हलका वाटू लागला! विद्यार्थ्यांना हे विधान आधी 'खरे की खोटे' म्हणून विचारावे आणि मग गणित करायला लावावे. अंतराच्या वर्गाचे महत्त्व त्यांच्या चांगले लक्षात राहील. याच कारणाने टोकाचा एक ग्रॅम कमी करणे हे खिळीजवळचे पन्नास ग्रॅम कमी करण्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

एक बाहू, तीन कार्ट्रिज

या २१.५ ग्रॅमच्या बाहूवर सारख्याच वजनाच्या, पण वेगवेगळ्या लवचीकतेच्या तीन कार्ट्रिज बसवून पाहू.

लवचीकता १२ असेल तर २१.५ × १२ = २५८; वर्गमूळ १६.१, वारंवारता ९.९ हर्ट्झ. जोडी उत्तम.

लवचीकता ३० असेल तर वारंवारता ६.३ हर्ट्झ. आता अनुस्पंदन तबकडीच्या वाकण्याच्या पट्ट्याला येऊन भिडले. समजा, एका फेरीत दहा उंचवटे असलेली तबकडी आहे आणि ते १०० मायक्रॉन, म्हणजे एकदशांश मिलिमीटर उंचीचे आहेत. साडेपाच हर्ट्झची ही हालचाल अनुस्पंदनाच्या इतकी जवळ आहे, की सुई आणि कार्ट्रिज यांच्यातील हालचाल मूळ उंचवट्याच्या अडीचपट सहज होईल. २५० मायक्रॉनला ३० ने भागले की दाबातील फरक मिळतो : ८.३ मिलिन्यूटन, म्हणजे सुमारे ०.८५ ग्रॅम. अशा लवचीक कार्ट्रिजवर मुळात सव्वा ग्रॅमचाच दाब ठेवायचा असतो. म्हणजे तो दाब क्षणात ०.४ ग्रॅम, तर क्षणात २.१ ग्रॅम होत राहणार. सुई खाचेतून निसटते ती इथे, आणि खाचेच्या भिंती ओरखडल्या जातात त्याही इथेच.

लवचीकता ५ असेल तर वारंवारता १५.३ हर्ट्झ. वाकलेल्या तबकडीचा आता त्रास नाही, पण अनुस्पंदन संगीताच्या दाराशी आले. ३० हर्ट्झचा खोल स्वर सुमारे ३५ टक्के फुगून येईल. पहिल्या जोडीत तो १२ टक्केच फुगत होता. शिवाय खोलीतील पावलांचे हादरे आणि मोटरची घरघर यांनाही उठाव मिळतो.

तीनही वेळा बाहू तोच होता. म्हणून 'हा बाहू चांगला का?' किंवा 'ही कार्ट्रिज चांगली का?' हे प्रश्नच अपुरे आहेत. सूत्रात गुणाकार आहे. एक मोठा असेल तर दुसरा लहान हवा, इतकेच.

जुन्या जोड्या

हे लक्षात घेतले की जुन्या यंत्रांचा इतिहासही उलगडतो. लाँग प्ले तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली आणली आणि स्टिरिओ तबकड्या १९५७-५८ च्या सुमारास आल्या. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीची १९५९ सालची 'एसपीयू' ही कार्ट्रिज ताठ सुईची होती आणि हेडशेलसकट तिचे वजन ३० ग्रॅमच्या आसपास भरे. त्याच वर्षी इंग्लंडमधील एसएमई कंपनीने बाहू विकायला सुरुवात केली. तिचा १२ इंची '३०१२' आजही संग्राहक शोधत असतात. ताठ सुई आणि भारी बाहू ही त्या काळाची जोडी होती.

पुढे सुईचा दाब कमी करण्याची चढाओढ लागली. अमेरिकेतील शूर कंपनीने १९६४ साली 'व्ही-१५' ही कार्ट्रिज आणली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांचा दाब सव्वा ग्रॅमपर्यंत उतरला. अशा लवचीक सुईला हलका बाहू हवा, म्हणून १९७० च्या दशकात एसएमईने 'मालिका ३' हा बाहू काढला. त्याचे प्रभावी वस्तुमान सुमारे ५ ग्रॅम इतके कमी होते. शूरनेही १९७८ च्या 'व्ही-१५' च्या चौथ्या आवृत्तीत सुईपुढे एक छोटा ब्रश बसवला. तो धूळ झाडतोच, शिवाय त्याच्या बिजागरीतील चिकट द्रव बाहूच्या झुलण्याला आवर घालतो. स्कूटरच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखे हे अवमंदन होय.

अडचण उद्भवते ती एका काळाचा बाहू आणि दुसऱ्या काळाची कार्ट्रिज यांची गाठ पडते तेव्हा. शूरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणे थांबवले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्ट्रिज मध्यम लवचीकतेच्या आहेत. टेक्निक्सच्या 'एसएल-१२०० मार्क २' सारख्या, १२ ग्रॅम प्रभावी वस्तुमानाच्या मध्यम बाहूवर त्या सहज जमतात. अतिहलक्या किंवा अतिजड बाहूवर मात्र हिशोब करूनच बसवाव्यात.

आकड्यांतील एक सापळा

जपानमध्ये नभोवाणीच्या वापरासाठी तयार झालेली डेनन कंपनीची 'डीएल-१०३' ही कार्ट्रिज १९६० च्या दशकापासून आजतागायत मिळते. तिची छापील लवचीकता ५ आहे. ५ ग्रॅमच्या हलक्या बाहूवर ती बसवली, तर कार्ट्रिजचे ८.५ ग्रॅम आणि स्क्रूंचा अर्धा ग्रॅम धरून एकूण १४ ग्रॅम होतात आणि वारंवारता येते १९ हर्ट्झ. पण प्रत्यक्ष वारंवारता इतकी चढत नाही. याचे कारण, जपानी कंपन्या लवचीकता १०० हर्ट्झला मोजतात. रबर भराभर हलवले तर ताठ वाटते, सावकाश हलवले तर मऊ. आपल्याला हवी आहे ती १० हर्ट्झच्या आसपासची लवचीकता, आणि ती छापील आकड्याच्या दीड ते दोनपट असते. ती १० धरली तर वारंवारता १३.४ हर्ट्झ येते. तेव्हा माहितीपत्रकात '१०० हर्ट्झ' असा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. आणि कार्ट्रिज स्वतःच चाळीस वर्षांची असेल तर छापील आकड्यावर विसंबू नये. रबर वयाबरोबर कडक होते, क्वचित ढेपाळतेही.

जोडी जुळत नसेल तर

वारंवारता जास्त येत असेल तर उपाय सोपा : टोकाशी वस्तुमान वाढवायचे. वरच्या उदाहरणात कार्ट्रिज आणि हेडशेल यांच्यामध्ये ६ ग्रॅमची पितळी चकती घातली, की एकूण २० ग्रॅम होतात आणि वारंवारता ११ हर्ट्झच्या जवळ उतरते. अर्थात मागचे वजन पुन्हा तोलावे लागते. वारंवारता कमी येत असेल तर काम कठीण. हलका हेडशेल वापरावा, मागे अधिक जड वजन खिळीच्या जवळ बसवावे, नाही तर अवमंदनाची मदत घ्यावी. तेही जमत नसेल तर कार्ट्रिज बदलणेच शहाणपणाचे.

एक उपाय मात्र कधीही करू नये. तबकडी झिजेल या भीतीने पुष्कळजण सुईचा दाब कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी ठेवतात. सैल बसलेली सुई खाचेत नाचते आणि योग्य दाबाच्या सुईपेक्षा जास्त नुकसान करते. तसेच ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, उदाहरणार्थ बालगंधर्वांच्या काळातील नाट्यसंगीताच्या, लाँग प्लेच्या सुईने वाजवू नयेत. त्यांची खाच बरीच रुंद असते आणि तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते.

हिशोब बरोबर आला की नाही हे पाहायला खास चाचणी-तबकड्या मिळतात. त्यांवर ५ ते २० हर्ट्झपर्यंतची कंपने क्रमाने मुद्रित केलेली असतात, आणि ज्या वारंवारतेला सुई डोळ्यांना दिसेल इतकी थरथरते ती त्या जोडीची. चाचणी-तबकडी नसेल तर स्पीकरची जाळी काढून मोठ्या पडद्याकडे पाहावे. आवाज नसतानाही तो मोठ्या झोक्याने मागे-पुढे होत असेल, तर अनुस्पंदन खाली घसरले आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

रेकॉर्ड प्लेअर नसला तरी मुख्य मुद्दा शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो. ३० सेंमीची हलकी पट्टी घेऊन मध्यभागी भोक पाडा आणि विणायच्या सुईवर ती आडवी बसवा. एका बाजूला १२ सेंमीवर ५० ग्रॅमचे वजन चिकटवा. दुसऱ्या बाजूला पहिल्या वेळी ५० ग्रॅम १२ सेंमीवर, तर दुसऱ्या वेळी २०० ग्रॅम ३ सेंमीवर ठेवा. दोन्ही वेळा पट्टी तोललेलीच राहील. आता पट्टीचे एक टोक वरून आणि खालून दोन सारख्या स्प्रिंगांनी स्टँडला बांधा, हलकेच झुलवा आणि वीस झोक्यांचा वेळ मोजा.

दुसऱ्या वेळी पट्टीवर दीडशे ग्रॅम जास्त आहेत, तरी झोके अधिक जलद होतील. पट्टी पुरेशी हलकी असेल, तर पहिल्या मांडणीत लागणारा वेळ सुमारे सव्वापट भरेल. विद्यार्थ्यांनी हा आकडा आधी गणिताने काढावा आणि मगच घड्याळ हातात घ्यावे.